अंकी संख्या, इंग्रजी अक्षरी: शब्द लिहून देणारी चार साधने कशी आहेत?

करारनामा, पावती, प्रमाणपत्र, पुस्तकातल्या प्रकरणांचे क्रमांक अशा कितीतरी ठिकाणी अंकी संख्येशेजारी तीच संख्या अक्षरीही लिहावी लागते. अंकात एखादे शून्य सहज वाढवता येते, शब्दात तसे जमत नाही. म्हणूनच धनादेशासारख्या कागदावर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम खरी धरायची, असा नियम अनेक देशांच्या कायद्यांत आहे. तेव्हा फॉर्टी किंवा एट्थ या शब्दाच्या स्पेलिंगला इथे निव्वळ शुद्धलेखनापेक्षा जास्त वजन आहे.

हे काम करून देणारी चार साधने इथे तपासली आहेत: मायक्रोसॉफ्ट वर्डमधले कार्डटेक्स्ट, एक्सेलसाठीचा स्पेलनंबर हा मॅक्रो (एक्सेलमध्ये घालायचा छोटा प्रोग्राम), लिबरऑफिस कॅल्कमधले नॅटनम१२ हे स्वरूप आणि पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतले नम२वर्ड्स. आधीच सांगायचे तर सुट्या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये चारही चोख आहेत. घोळ होतो तो संयोगचिन्ह, अँड, दशांश, उणे चिन्ह आणि मोठ्या संख्या यांत. खालच्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

कसोटीच्या संख्या

साधन कुठलेही असो, त्यात एक ते शंभर घालून बघण्यात वेळ घालवू नये. इंग्रजी संख्याशब्दांचे काटे ठरावीक जागी आहेत आणि तेवढ्याच जागा तपासायच्या. हीच यादी हाताने लिहिणाऱ्यालाही उपयोगी पडते.

पहिला काटा ४० चा. फोरमध्ये यू आहे, फोर्टीनमध्येही आहे, फॉर्टीत मात्र नाही: एफ-ओ-आर-टी-वाय. पूर्वीच्या इंग्रजीत यू घातलेले रूप चालत असे, पुढे ते मागे पडले. त्यामुळे इथे तर्क लावायला जागाच नाही, लक्षात ठेवायचे एवढेच. चाळिसावा म्हणजे फॉर्टिएथ, त्यातही यू नाही.

दुसरा काटा आठाचा, आणि तो तीन ठिकाणी टोचतो. एट या शब्दाच्या शेवटी टी आहे. त्याला टीन, टी-वाय आणि टी-एच जोडले की दोन टी समोरासमोर येतात आणि एक गळतो. म्हणून १८ चे स्पेलिंग ई-आय-जी-एच-टी-ई-ई-एन, ८० चे ई-आय-जी-एच-टी-वाय आणि आठव्याचे ई-आय-जी-एच-टी-एच. सर्वाधिक चुका आठव्यात होतात. जी-एच नंतर टी आणि त्यानंतर पुन्हा एच हा क्रम हाताला सवयीचा नसतो आणि मधला टी किंवा शेवटचा एच सुटतो.

नऊचा काटा याच्या उलट वागतो. नाइनचा शेवटचा ई १९ आणि ९० मध्ये टिकतो, फक्त नवव्यात गळतो: एन-आय-एन-टी-एच. म्हणजे नाइन्टीन आणि नाइन्टी लिहिताना ई गाळणे ही चूक, तर नाइन्थ लिहिताना तो ठेवणे ही चूक.

पाच आणि बारा यांचे गणित सारखे आहे. फाइव्ह आणि ट्वेल्व्ह यांच्या शेवटचा व्ही, पुढे कठोर व्यंजन आले की एफ होतो. फिफ्थ, फिफ्टीन, फिफ्टी आणि ट्वेल्फ्थ ही रूपे त्यातूनच आली. ट्वेल्फ्थमधला एफ बोलताना बरेच जण गिळतात, त्यामुळे लिहिताना तो राहून जातो. टी-डब्ल्यू-ई-एल-एफ-टी-एच, अशी सातही अक्षरे मोजून घ्यावीत.

टूमधला डब्ल्यू उच्चारात नाही आणि म्हणून तो अनेकांना निरुपयोगी वाटतो. पण ट्वेल्व्ह, ट्वेंटी, ट्वाइस, ट्विन या सगळ्या दोनाच्या गोतावळ्यात तो आजही ऐकू येतो. डब्ल्यू टीच्या लगेच नंतर येतो हे एवढ्यावरून पक्के होते. संस्कृतमधला द्वि आणि इंग्रजीतला टू हे एकाच घराण्यातले आहेत. द्वि मधला व आणि टूमधला डब्ल्यू एकाच जागी उभे आहेत, हे दिसले की स्पेलिंग पाठ करावे लागत नाही. त्रि आणि थ्री, सप्त आणि सेव्हन, नव आणि नाइन यांचेही तेच नाते.

इलेव्हन आणि ट्वेल्व्ह हे शब्द टीनच्या रांगेत का बसत नाहीत, याचे उत्तर त्यांच्या अर्थात आहे. दहा मोजून झाल्यावर एक उरला तो इलेव्हन आणि दोन उरले ते ट्वेल्व्ह. तेरापासून पुढे टीन म्हणजे टेनच, आणि वीसपासून पुढचा टी-वाय म्हणजे दहाचा गट. थर्टीन म्हणजे तीन आणि दहा, थर्टी म्हणजे तीन दशके. तेरा ते एकोणीसमध्ये एकक आधी आणि दशक नंतर येते, एकवीसपासून मात्र दशक आधी येते. मराठीत एकवीस ते नव्व्याण्णव, एकोणतीससारखे शब्द सोडले तर, सगळीकडे एकक आधी बोलले जाते. त्यामुळे मराठी ऐकून इंग्रजी लिहिताना बेचाळीस आणि चोवीस यांची अदलाबदल होते. ४२ आणि २४ ही जोडी कसोटीत असावी ती यासाठी. साधन नाही चुकणार, त्यात संख्या भरणारा चुकेल.

उरलेल्या कसोट्या स्पेलिंगच्या नाहीत, जुळणीच्या आहेत. २१ घ्या: ट्वेंटी आणि वन यांच्यामध्ये संयोगचिन्ह हवे. २१ ते ९९ मधल्या प्रत्येक जोडसंख्येला ते लागते, अगदी ती मोठ्या संख्येच्या पोटात असली तरी. हंड्रेड किंवा थाउजंड यांच्या मागेपुढे मात्र ते नको. १०१ घ्या: ब्रिटिश रीतीने वन हंड्रेड अँड वन, अमेरिकी रीतीने वन हंड्रेड वन. दोन्ही बरोबर आहेत, पण एका दस्तऐवजात एकच रीत हवी. अमेरिकी शाळांत तर अँड हा दशांशचिन्हासाठी राखून ठेवायला शिकवतात. २०० घ्या: टू हंड्रेड, हंड्रेडला एस नाही. मागे नेमकी संख्या असेल तर हंड्रेड, थाउजंड, मिलियन हे एकवचनीच राहतात. शेकडो माणसे म्हणायचे असेल तेव्हा हंड्रेड्स.

शिवाय ०, एक उणे संख्या, १२.५०, १०,००,००० आणि २०,००,००० यांचीही चाचणी घ्यावी. खरी परीक्षा इथेच होते.

वर्डचे कार्डटेक्स्ट

हे वर्डमध्ये पहिल्यापासून असते, वेगळे काही बसवावे लागत नाही. तरी वर्ड रोज वापरणाऱ्यांपैकी अनेकांना ते ठाऊक नसते, कारण ते कुठल्याही ठळक बटणावर नाही.

जिथे शब्द हवा तिथे कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ९ एकत्र दाबा. महिरपी कंसांची राखाडी जोडी येते, तिला फील्ड म्हणतात. तिच्या आत बरोबर चिन्ह, संख्या, एक रिकामी जागा, बॅकस्लॅश, तारांकन, पुन्हा रिकामी जागा आणि कार्डटेक्स्ट असे लिहा. मग एफ९ दाबा. ४८ दिले तर फॉर्टी-एट येते, संयोगचिन्हासकट. काही लॅपटॉपवर एफ९ सोबत एफएन कळही दाबावी लागते. कीबोर्डवरचे महिरपी कंस स्वतः टाइप केले तर काहीच होत नाही. दिसायला ते सारखे असले तरी वर्डच्या लेखी तो साधा मजकूर असतो. पहिल्यांदा वापरणारा बहुधा इथेच अडतो आणि साधन बिघडले आहे असे समजून सोडून देतो.

कार्डटेक्स्टच्या जागी ऑर्डटेक्स्ट लिहिले की क्रमवाचक शब्द मिळतो. ट्वेल्फ्थ, फॉर्टिएथ, ट्वेंटी-फर्स्ट ही सगळी अवघड रूपे ते नीट देते. पहिले अक्षर कॅपिटल हवे असेल तर आणखी एक बॅकस्लॅश-तारांकन घालून फर्स्टकॅप लिहायचे, सगळी अक्षरे कॅपिटल हवी असतील तर अपर. पानाच्या क्रमांकालाही हे लागते: पेज या फील्डपुढे कार्डटेक्स्ट जोडले की पानावर ७ ऐवजी सेव्हन छापले जाते. मेल मर्जच्या, म्हणजे एकाच साच्यात यादीतली माहिती भरणाऱ्या सोयीच्या, फील्डलाही तसेच जोडता येते. शंभर प्रमाणपत्रे काढायची असतील तर शंभर वेळा स्पेलिंग तपासण्याचा त्रास वाचतो, आणि याच कामासाठी हे साधन मनापासून सुचवावेसे वाटते.

रकमेसाठी डॉलरटेक्स्ट आहे. १४.५५ दिले तर ते फोर्टीन अँड ५५/१०० असे लिहिते. पूर्णांक शब्दात, दशांशाचे पहिले दोन अंक शंभराच्या छेदावर, आणि मध्ये अँड. दोनापेक्षा जास्त दशांश असतील तर ते दोनावर पूर्णांकित होतात. चलनाचे नाव मात्र ते घालत नाही, ते आपण मागे किंवा पुढे लिहायचे. दशांशही शब्दातच हवा असेल तर दोन फील्ड करावी लागतात: एकात इंट वापरून पूर्णांक काढायचा, दुसऱ्यात मूळ संख्येतून तो वजा करून शंभराने गुणायचे, आणि दोन्हींना कार्डटेक्स्ट लावायचे. दुसऱ्या फील्डमध्ये राउंडही घालावा, म्हणजे गुणाकारातले बारीक अपूर्णांक आड येत नाहीत.

आता उणिवा. पहिली मर्यादा ९,९९,९९९ ची. दहा लाख, म्हणजे वन मिलियन दिले की संख्या या स्वरूपात दाखवता येत नाही असा त्रुटीचा संदेश छापला जातो. वाट काढता येते: संख्येला दहा लाखाने भागून इंटने येणारा भाग एका फील्डमध्ये, त्यापुढे मिलियन हा शब्द हाताने, आणि मॉडने उरणारी बाकी दुसऱ्या फील्डमध्ये. पण २०,००,००० दिले तर बाकी शून्य उरते आणि टू मिलियन झिरो असे विचित्र वाक्य तयार होते. म्हणून दुसरे फील्ड इफच्या आत ठेवून बाकी शून्य असेल तर काहीच छापू नये असे सांगावे लागते. एवढी गुंतागुंत एकदा करून साचा जपून ठेवणे ठीक, पण दर वेळी करण्यासारखे हे काम नाही. मोठ्या संख्या नेहमी लागत असतील तर वर्ड हे तुमचे साधन नव्हे.

दुसरी उणीव जास्त घातक आहे, कारण ती दिसत नाही. अंक बदलला तरी शब्द आपोआप बदलत नाही. फील्ड निवडून एफ९ दाबेपर्यंत जुनाच शब्द राहतो. अंकी १,५०,००० आणि अक्षरी जुनी रक्कम असा कागद सहीपर्यंत पोहोचू शकतो, आणि वर सांगितलेला नियम लक्षात घेतला तर त्याचा अर्थ काय होतो हे वेगळे सांगायला नको. यावर दोन उपाय एकत्र करावेत. ऑप्शन्समधल्या डिस्प्ले भागात छपाईपूर्वी फील्ड अद्ययावत करण्याची खूण चालू ठेवावी. आणि संख्या दोनदा टाइपच करू नये: दस्तऐवजाच्या सुरुवातीला सेट हे फील्ड घालून त्यात संख्येला एक नाव द्यावे, मग अंकी आणि अक्षरी दोन्ही जागी त्या नावाचेच फील्ड वापरावे. रक्कम बदलली तर सेटमधला आकडा बदलायचा, कंट्रोल-ए आणि एफ९ दाबायचे. फील्ड वरून खाली या क्रमाने ताजी होतात, म्हणून सेट सगळ्यांच्या वर असणे आवश्यक आहे. फील्डच्या आतला मजकूर बघायला आणि लपवायला ऑल्ट-एफ९. अंतिम प्रत तयार झाली की कंट्रोल-शिफ्ट-एफ९ ने फील्ड साध्या मजकुरात बदलून टाकावे, म्हणजे पुढे कोणाच्या संगणकावर काही हलत नाही.

तक्त्यातली बेरीज शब्दात हवी असेल तर सम आणि कंसात अबव्ह लिहून पुढे कार्डटेक्स्ट लावता येते. तक्त्याच्या शीर्षकात वर्षाचा आकडा असेल तर तोही बेरजेत धरला जातो, तेवढे सांभाळावे. आणखी एक: शब्द कुठल्या भाषेत येणार हे त्या मजकुराला लावलेल्या भाषेवर ठरते. फील्डच्या मजकुरावर इंग्रजी लावलेली आहे ना, हे रिव्ह्यू टॅबमध्ये बघून घ्यावे. अमेरिकी इंग्रजी लावली असेल तर हंड्रेडनंतर अँड येत नाही: ७९० चे सेव्हन हंड्रेड नाइन्टी होते.

एक्सेल आणि स्पेलनंबर

एक्सेलमध्ये संख्येचे थाई शब्द करणारे बाटटेक्स्ट हे फंक्शन तयार मिळते. इंग्रजीसाठी तसे काही नाही. ही उणीव इतकी वर्षे का ठेवली आहे हे कळत नाही, आणि एक्सेल जितके वापरले जाते ते पाहता ती खटकते. मायक्रोसॉफ्टने आपल्या मदतपानावर स्पेलनंबर नावाचा मॅक्रो दिला आहे, तोच बसवावा लागतो.

ऑल्ट-एफ११ दाबून व्हीबीए, म्हणजे मॅक्रो लिहायची खिडकी, उघडा, इन्सर्टमधून मॉड्यूल घ्या, कोड चिकटवा, खिडकी बंद करा. मग कुठल्याही चौकटीत स्पेलनंबर लिहून कंसात चौकटीचा पत्ता दिला की झाले. फाइल एक्सएलएसएम प्रकारात जतन करा. नेहमीच्या एक्सएलएसएक्स प्रकारात जतन केली तर मॅक्रो पुसला जातो आणि पुढच्या वेळी नेमची त्रुटी दिसते. दुसऱ्याला पाठवलेली फाइल त्याच्याकडे चालत नाही अशी तक्रार आली तर कारण बहुधा सुरक्षेचे असते. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस आता मुळातच अडवते. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये अनब्लॉक केल्याशिवाय ते चालू होत नाहीत.

मॅक्रोचे शब्द बरोबर असतात, जुळणी कच्ची आहे. २२.५० चे ट्वेंटी टू डॉलर्स अँड फिफ्टी सेंट्स होते, मधले संयोगचिन्ह गायब. कोडमध्ये दशकाच्या प्रत्येक शब्दानंतर रिकामी जागा ठेवलेली आहे, तिथे संयोगचिन्ह हवे. नुसती अदलाबदल केली तर २० साठी ट्वेंटीपुढे चिन्ह लोंबकळत राहील. एकक शून्य नसेल तरच चिन्ह, अशी अट घालावी लागते. हंड्रेडच्या पुढे थाउजंड आले की मध्ये दोन रिकाम्या जागा पडतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे सूत्राला बाहेरून ट्रिम लावणे. डॉलर आणि सेंट हे शब्द कोडमध्येच लिहिलेले आहेत. दुसरे चलन हवे असेल तर ते शोधून बदला, पण एकवचन, अनेकवचन आणि शून्य यांच्या ओळी वेगवेगळ्या आहेत. तिन्ही बदलायच्या, नाहीतर एका रकमेपुरते जुने चलन पुन्हा डोके वर काढते.

यापेक्षा गंभीर दोन गोष्टी आहेत. मॅक्रो दशांश पूर्णांकित करत नाही, फक्त पहिले दोन अंक कापून घेतो. चौकटीत १०.९९६ असेल आणि ती दोन दशांशांत दाखवायला सांगितली असेल तर डोळ्यांना ११.०० दिसते, शब्दात मात्र टेन डॉलर्स अँड नाइन्टी नाइन सेंट्स येते. व्याज किंवा टक्केवारीतून आलेल्या रकमांत हे हमखास घडते. म्हणून स्पेलनंबरच्या आत संख्या थेट न देता राउंड करून द्यावी, अपवाद नको. दुसरी गोष्ट उणे चिन्हाची: ते सरळ गळून पडते. उणे पाच दिले तर फाइव्ह डॉलर्स असेच येते. परतावा, तूट, वजावट यांच्या तक्त्यात हा मॅक्रो तसाच वापरू नये. इफ लावून संख्या शून्यापेक्षा लहान असेल तर पुढे मायनस जोडावे आणि आत अॅब्स, म्हणजे उणे चिन्ह काढलेली संख्या, द्यावे.

मोठ्या संख्यांना तो बराच पुरतो, ट्रिलियनपर्यंत शब्द देतो. पण एक्सेल मुळातच १५ सार्थ अंक जपते, त्यापुढचे अंक शून्य होतात. तेवढी लांब संख्या शब्दात लिहायची वेळ फारशी कोणावर येत नाही.

लिबरऑफिस कॅल्क

इथली कल्पना वेगळी आहे आणि चांगली आहे. शब्द करण्यासाठी सूत्र लागत नाही, चौकटीचे स्वरूप बदलायचे असते. फॉरमॅट सेल्समध्ये नंबर्सच्या खिडकीत भाषा इंग्रजी निवडा आणि स्वरूपाच्या जागी चौकटी कंसात नॅटनम१२ व त्यापुढे शून्य असे लिहा. चौकटीत शब्द दिसतो, पण आत संख्या तशीच असते, त्यामुळे तिची बेरीज-वजाबाकी चालूच राहते. अंक बदलला की शब्दही त्याच क्षणी बदलतो. वर्डची सगळ्यांत मोठी उणीव इथे औषधालाही नाही. कंसाच्या आतच ऑर्डिनल लिहिले तर क्रमवाचक शब्द, टायटल लिहिले तर प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर कॅपिटल, अपर लिहिले तर सगळी अक्षरे कॅपिटल.

तोटा असा की हीच फाइल एक्सेलमध्ये उघडली तर तिथे हे स्वरूप कळत नाही. छापायची असेल तर पीडीएफ करूनच द्यावी.

नम२वर्ड्स

हजारो नोंदी असतील, किंवा पावत्या एखाद्या प्रणालीतून निघत असतील, तर पायथनमधले हे पॅकेज चौघांत सर्वांत समर्थ आहे. पिप या पायथनच्या आज्ञेने बसवायचे, आयात करायचे आणि फंक्शनला संख्या द्यायची. ४२ चे फॉर्टी-टू येते. टू (टी-ओ) या पर्यायात ऑर्डिनल दिले तर फॉर्टी-सेकंड, ऑर्डिनल_नम दिले तर अंकाला एन-डी जोडून मिळते. उणे संख्येला ते मायनस लावते. मिलियन, बिलियनच्या पुढेही सहज जाते.

वर्षाचा पर्याय विशेष दाद देण्याजोगा आहे. इंग्रजीत वर्ष वाचायची रीत संख्या वाचायच्या रीतीपेक्षा वेगळी असते. हे पॅकेज १९९९ चे नाइन्टीन नाइन्टी-नाइन करते, १९०५ चे नाइन्टीन ओ-फाइव्ह, १९०० चे नाइन्टीन हंड्रेड, आणि २००५ ला मात्र टू थाउजंड अँड फाइव्ह असे सरळ लिहिते. बोलणारा माणूस जे करतो तेच. वर्ड आणि स्पेलनंबर यांना वर्ष दिले की ते हजारांतच मोजू लागतात, तेव्हा जन्मतारखा शब्दात लिहायच्या असतील तर हा पर्याय वापरावा.

साध्या इंग्रजीत १२३४ चे वन थाउजंड, टू हंड्रेड अँड थर्टी-फोर होते. म्हणजे हजारानंतर स्वल्पविराम आणि शंभरानंतर अँड. ब्रिटिश रीत पाळणाऱ्याला हे आयते मिळते, अमेरिकी रीत हवी असेल तर दोन्ही काढून टाकणारी एक ओळ लिहावी लागते. भाषेच्या पर्यायात इंग्रजी आणि पुढे आयएन दिले तर मोठ्या संख्या लाख आणि कोटींत येतात. मिलियनऐवजी लाख वाचणाऱ्यांसाठी दस्तऐवज असेल तर हेच वापरावे. पण एका कागदात दोन्ही पद्धती मिसळू नयेत.

सांभाळायच्या जागा इथेही आहेत. दशांश संख्येच्या शेवटचे शून्य हरवते: १०.१० चे टेन पॉइंट वन होते. रकमेसाठी चलनाचा पर्याय वापरला तर त्यात पूर्णांक दिल्यास काही आवृत्त्या त्याला सेंट समजतात आणि शंभराचे एक करून टाकतात. दशांश असो वा नसो, रक्कम नेहमी दशांश प्रकारातच द्यावी आणि आवृत्ती बदलली की कसोटीच्या संख्या पुन्हा चालवाव्यात. चलन सांगितले नाही तर ते युरो धरते.

बिलियनचे काय?

वर्ड बिलियनपर्यंत पोहोचतच नाही, उरलेली तिन्ही साधने बिलियनचा एकच अर्थ धरतात: हजार मिलियन, म्हणजे शंभर कोटी, आपला अब्ज. हा अर्थ आज इंग्रजीत सर्वत्र चालतो. पण तो नेहमीच असा नव्हता. जुन्या ब्रिटिश वापरात बिलियन म्हणजे मिलियन गुणिले मिलियन, म्हणजे एक लाख कोटी. ब्रिटिश सरकारने आपल्या आकडेवारीत हजार मिलियनचा अर्थ १९७४ मध्ये स्वीकारला. त्यामुळे त्याआधीचे ब्रिटिश लेखन वाचून आकडा उचलताना मूळ अर्थ तपासावा. फ्रेंच आणि जर्मनमध्ये जुना अर्थ आजही कायम आहे. जर्मनमधला मिलियार्दे हा इंग्रजीचा बिलियन, आणि जर्मनमधला बिलियोन हा इंग्रजीचा ट्रिलियन. त्या भाषांतून आलेला मजकूर इंग्रजीत आणताना बिलियनला बिलियन असा शब्दाला शब्द लावला तर रक्कम हजाराव्या हिश्शाइतकीच उरते. कुठलेही साधन हे पकडू शकत नाही, म्हणून अशा मजकुरात आधी संख्या अंकांत लिहून शून्ये मोजायची आणि मगच तिचे शब्द करायचे.

स्पेलिंग तपासणीवर किती विसंबावे

शब्द साधनाकडून न घेता हाताने टाइप केले तर वर्डची लाल रेघ बऱ्याच चुका दाखवते. यू घातलेले फॉर्टी, ई गाळलेले नाइन्टी, एफ गाळलेले ट्वेल्फ्थ हे सगळे ती पकडते. पण एका चुकीतून दुसरा खरा इंग्रजी शब्द तयार होत असेल तर ती गप्प बसते. फोर्थमधला यू गाळला तर एफ-ओ-आर-टी-एच उरते आणि त्याचा अर्थ पुढे असा होतो. टूची शेवटची दोन अक्षरे उलटली की टी-ओ-डब्ल्यू, म्हणजे ओढून नेणे. टेनचा टी-ई-एन उलटला की नेट. सिक्सच्या शेवटी एक्सऐवजी सी पडला तरी तो शब्दकोशातला शब्द आहे. एट्थचा शेवटचा एच राहून गेला तर उरतो एट, आणि आठव्याऐवजी आठ होते. सिक्स्टी आणि सिक्स्टीन हे दोन्ही शुद्ध शब्द आहेत, त्यामुळे साठाच्या जागी सोळा पडले तर लाल रेघेकडून काही अपेक्षाच नको. हाताने लिहिलेल्या मजकुरात यासाठी फाइंडची खिडकी उघडून यू नसलेला फोर्थ, टो, नेट आणि टीन हे चार तुकडे एकेक करून शोधावेत आणि प्रत्येक जागी शेजारच्या अंकाशी ताडून बघावे. शंभर पानांच्या दस्तऐवजालाही यात दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ जात नाही.